आम्ही तिघी, प्राणहितेतलं बेट आणि पल्याडचा वाघ

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. नाहीतर ठसका लागेल तुम्हाला आणि खापर फुटेल माझ्या डोक्यावर. आधीच काय कमी फुटलंय? अहेरीत ही गोष्ट माझ्या पाठीमागे इतक्या जणांनी सांगितली की शेवटी शेवटी तिच्यात मी, एक वाघ आणि एक हत्ती असे तिघंजण होतो. हत्ती नव्हता! हत्ती मुळीच नव्हता! वाघाचं मात्र... थांबा, क्रमाने सांगते. फजिती माझी झाली, तेव्हा ती सांगायचा पहिला मान माझा.

देश स्वतंत्र होऊन आठ-दहा वर्षं झाली होती. मी नागपूरहून अहेरीच्या मुलींच्या शाळेत आले होते. वय सव्वीस, डोळ्यांवर चष्मा, काखेत छत्री, घरात एकटी. गावाला वाटायचं, ही बाई महिनाभर टिकणार नाही. दोन वर्षं टिकले, तरी गाव म्हणायचं, "पुढच्या महिन्यात जाते पाहा."

शाळेत चाळीस मुली होत्या. त्यांना सहल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मुलांच्या शाळेची पोरं दरवर्षी कुठे ना कुठे जायची, आणि आमच्या मुली त्या दिवशी खिडकीत उभ्या राहून त्यांची रांग बघायच्या. मला ते बघवेना. गावापासून खाली प्राणहिता नदीत एक बेट आहे. गर्द झाडी, चितळं, मोर, वानरं, वाळूवर मगरी. मी शाळा कमिटीकडे अर्ज केला की मुलींना तिथे न्यायचंय.

कमिटीचे अध्यक्ष होते दाजीसाहेब. सागवानाचे मोठे ठेकेदार. भल्या मोठ्या मिशा, आणि त्याहून मोठं मत. त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि पानाच्या डब्याखाली ठेवला.

"बाई, पोरीच्या जातीले बेटावर कायले नेता? तिथी मगर हाये, डुक्कर हाये, वाघाचा त काई भरोसाच नाई. मंग मागून माणसं धाडा लागते आमाले."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी शहाण्या बाईने काय करावं? गप्प बसावं. मी काय केलं?

मी म्हटलं, "आधी मी जाऊन येते दाजीसाहेब. आम्ही बायकाच जाऊ. आणि आम्हाला आणायला तुमचा एकही माणूस लागणार नाही. सुखरूप परत आलो की द्याल परवानगी?"

ते मिशीत हसले. "या जाऊन. पाहू."

ते 'पाहू' माझ्या असं काही टाळक्यात गेलं म्हणता! त्या क्षणापासून मी बेटावर सहलीला निघाले नव्हते, लढाईला निघाले होते.

सैन्य जमवलं. दोनच जणी. एक कुसुम, सरकारी दवाखान्यातली नर्स. चामोर्शीकडची मुलगी, धीट, भर बाजारातून सायकल चालवत जायची. दुसऱ्या इंदूवहिनी, पोस्टमास्तरांची बायको. अंगाने भरभक्कम, हाताला चव, आणि काळीज चिमणीचं. घरात पाल निघाली तर पोस्टातून मास्तरांना बोलावून आणायच्या. मास्तर टपाल सोडून पाल हाकलायला यायचे! पण मी बेटाचं नाव काढल्याबरोबर इंदूवहिनी म्हणाल्या, "मालूताई, मगरीने गिळलं तरी चालेल, पण मला एक दिवस त्या पोस्टाच्या मागच्या भिंतीपासून लांब न्या!"

संक्रांत होऊन पंधरवडा झाला होता. रविवारी सकाळी आम्ही घाटावर गेलो. इंदूवहिनींच्या हातात दोन डबे, एका पिशवीत उरलेले तिळाचे लाडू. कुसुमचे डोळे लाल, कारण आदल्या रात्री एक बाळंतपण होतं. आणि मी छत्री घेऊन सगळ्यांत पुढे.

सोनबाचा डोंगा ठरवला होता. डोंगा म्हणजे एका अख्ख्या झाडाचं खोड कोरून केलेली होडी. तीत बसलं की हलायचं नाही, शिंकायचं नाही, आणि इंदूवहिनींच्या बाजूला तर बसायचंच नाही. सोनबाने डोंगा प्रवाहात सोडला. पाणी काळंशार, खोल. कडेच्या खडकांवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. पाणमांजरांचं एक कुटुंब डोकी वर काढून आमच्याकडे टकामका बघत होतं. आणि एका वाळूच्या पट्टीवर मगर! जबडा उघडा टाकून ऊन खात पडलेली. इंदूवहिनींनी माझा दंड इतक्या जोरात धरला की त्यांच्या पाच बोटांचे वळ पुढचे चार दिवस होते.

"मेलीये ना हो ती?" त्यांनी हळूच विचारलं.

मगरीने जबडा मिटला आणि सळसळत पाण्यात गेली. बस. तेव्हापासून इंदूवहिनींनी ठरवलं की आता या नदीच्या पाण्यात अंगठा म्हणून बुडवायचा नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या फजितीत अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत हा अंगठा कोरडाच राहिला.

अर्ध्या तासाने बेट आलं. कुसुम टुणकन उडी मारून पुढे गेली, तिला वाळूत हरणांची पावलं दिसली होती. आम्ही दोघी मागून उतरलो. मी ऐटीत छत्री टेकवून विचारलं, "सोनबाभाऊ, संध्याकाळी परत न्यायला किती वाजता याल?"

सोनबाने तंबाखू या गालातून त्या गालात फिरवली आणि हसला. "परत जायले डोंगा कायले पाह्यजे, बाई?"

झालं! माझ्या अंगाची लाहीलाही. म्हणजे काय? आम्ही परत जाणारच नाही असं म्हणायचंय का याला? मगर खाईल, डुक्कर फाडेल, मग डोंगा कशाला, असं? दाजीसाहेबांनीच पढवलेला दिसतोय!

"नकोच!" मी ओरडले. "तुमचा डोंगा आम्हाला नकोच! आमचं आम्ही बघू!"

"बराबर हाये," सोनबा म्हणाला आणि त्याने बांबू मारून डोंगा वळवला. बराबर हाये म्हणाला, बघा! निर्लज्जपणे!

इंदूवहिनी लांब जाणाऱ्या डोंग्याकडे बघत राहिल्या. "मालूताई, तो गेला."

"जाऊ दे."

"पण मग आपण जायचं कसं?"

"मी आहे ना!" मी म्हटलं. काय करणार होते मी? त्यांना पाठीवर घेऊन पोहणार होते? पण असं ठासून म्हटलं की समोरच्याला बरं वाटतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही वाटतं.

सकाळ मात्र मजेत गेली. शपथेवर सांगते, तशी सकाळ मी आयुष्यात पुन्हा पाहिली नाही. झाडीतून चितळांचा कळप आला. वीस-पंचवीस तरी असतील. आमच्यापासून एवढ्याशा अंतरावर चरत होती, जशी काही घरची वासरं. मोर पिसारा आवरत वाळूवरून चालत गेले. वानरांनी वरून टेहळणी केली आणि एकाने खाली येऊन इंदूवहिनींच्या डब्यातल्या चार पुऱ्या पळवल्या. इंदूवहिनी, ज्या पालीला भितात, त्या चक्क त्याच्यामागे धावल्या! "मेल्या, भाजी तरी ने!" असं ओरडत.

मी वहीत सगळं लिहून घेत होते. मुलींना कुठे बसवायचं, डबे कुठे खायचे, गाणी कुठे म्हणायची. एवढी चितळं या बेटावर कशी आली असतील, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही का? आला की! वहीत लिहिलासुद्धा: 'चितळे बेटावर कशी येतात? शोध घेणे.' तो शोध तेव्हाच घेतला असता तर आज तुम्हाला सांगायला माझ्याजवळ काही उरलं नसतं.

जेवण झालं. कुसुम रात्रभराची जागी, ती उंबराच्या सावलीत आडवी झाली ती घोरायलाच लागली. ऊन कलायला लागलं. इंदूवहिनी पाचव्यांदा म्हणाल्या, "मालूताई, आता?"

आणि नेमका त्याच वेळी वरच्या अंगाने एक तराफा आला. सागाचे ओंडके एकमेकांना बांधून नदीतून वाहून नेतात ना, तसा. त्यावर लांब बांबू घेतलेले दोघंजण. दाजीसाहेबांचीच माणसं, मी ओळखलं. त्यांनीही आम्हाला पाहिलं.

"ओ बाई!" एकाने हाक मारली. "इथी काऊन बसून राह्यल्या? डोंगा नाई का?"

इंदूवहिनी हात वर करणार, तेवढ्यात मी त्यांचा हात धरून खाली ओढला. दाजीसाहेबांच्या माणसांकडून मदत? मेले तरी नाही! चाळीस मुली खिडकीतच राहतील त्यापायी.

"नको आम्हाला डोंगा!" मी ओरडले. "आम्ही मजेत आहोत! तुमच्या मालकांना सांगा, मजेत आहोत म्हणून!"

ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले. तराफा काही थांबत नाही, प्रवाह त्याला पुढे नेत होता. मग त्यातला एकजण मागे वळला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जीव तोडून ओरडला, "पल्याऽड... वाऽऽ हाये! पल्याऽऽड!"

मधलं अक्षर वाऱ्याने खाल्लं. त्याने आमच्या मागच्या दाट बांबूच्या रानाकडे हात केला आणि दोन बोटं खाली धरून हवेत चालवून दाखवली. टुकूटुकू, टुकूटुकू. तराफा वळणावर दिसेनासा झाला.

"काय म्हणाला हो?" इंदूवहिनींनी विचारलं.

चाळीस मुलींची कुजबुज ऐकून तयार झालेले माझे कान! चुकतील कसे?

"वाघ," मी म्हटलं. "पल्याड वाघ हाये म्हणाला. आणि बोटं चालवून दाखवली, म्हणजे फिरतोय."

इंदूवहिनी आधी पांढऱ्या झाल्या, मग पिवळ्या, मग त्यांनी लाडवांची पिशवी छातीशी धरली. आम्ही कुसुमला गदागदा हलवून उठवलं.

"वाघ?" ती डोळे चोळत म्हणाली. "मंग बाई, सकाळी चितळं एवढी आरामात काऊन चरून राह्यली होती?"

"त्यांना सवय असेल!" मी म्हटलं. काय उत्तर आहे! मुलींनी परीक्षेत असं लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

"आपण त्या बांबूतून थोडं जाऊन पाहू का जी, पल्याड काय हाये ते?" कुसुम म्हणाली.

"वाघ आहे असं सांगतेय ना मी!"

"नाई, पण दिसला कुठी?"

"कुसुम, इथे मी मोठी आहे. झाडावर चढ."

झाड होतं तेच उंबराचं, नदीकाठी वाकलेलं, फांद्या हाताशी. मला वाटलं होतं इंदूवहिनींना दोघींनी मिळून ढकलावं लागेल. छे! नऊवारीचा काचा मारला आणि माझं वाक्य संपायच्या आत त्या दुसऱ्या फांदीवर! पाठोपाठ कुसुम. राहिले मी. पाचवारी गोल नेसलेली, एका हातात छत्री, एका हातात वही. कुसुमने वरून ओढलं, मी खालून धडपडले, चष्मा नाकावरून हनुवटीवर आला, पण चढले. आणि नुसती चढले नाही, हट्टाने त्या दोघींपेक्षा एक फांदी वर चढले. पुढाऱ्याने वर बसायला नको?

वरच्या फांदीवर लाल मुंग्या होत्या.

दोन तास! दोन तास आम्ही त्या झाडावर बसलो. इंदूवहिनी मारुतीचा धावा करत होत्या. कुसुम पाय हलवत उंबरं खात होती. मी मुंग्यांशी लढत होते आणि तोंडाने मात्र सांगत होते, "मुळीच घाबरायचं कारण नाही." मनात काय चाललं होतं ते आता सांगायला हरकत नाही. वाघाची भीती होतीच हो, पण त्याहून मोठी भीती दाजीसाहेबांच्या मिशीतल्या हसण्याची होती. हे आता कंदील, माणसं, डोंगे घेऊन येतील. सगळं गाव काठावर जमेल. आणि उद्यापासून मुलींच्या आया म्हणतील, ज्या बाईला स्वतःला आणावं लागतं तिच्या हाती आमच्या पोरी कशा द्याव्या? रडू आलं मला. खोटं कशाला बोलू? चष्मा पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले.

सूर्य पलीकडच्या झाडांना टेकायला आला आणि बांबूच्या रानात आवाज झाला.

कड्!

मग पुन्हा कड्! कड्! आणि मोठा श्वास. फूऽऽस्.

"मालूताई..." इंदूवहिनींनी लाडवांची पिशवी आणखी घट्ट धरली.

"एक नाई जी," कुसुम कान देऊन म्हणाली. आता तिचाही चेहरा उतरला होता. "तीन-चार हायेत."

चार वाघ! आता सांगा, काय करावं? मी ठरवलं, मरायचंच तर ताठ मानेने मरायचं. फांदीवर उभी राहिले, फट्कन छत्री उघडली आणि बांबूकडे बघून ओरडले, "ये! हिंमत असेल तर ये! मी नागपूरची आहे!"

नागपूरच्या माणसाला वाघ खात नाही असं मला का वाटलं, देव जाणे.

बांबू दुभंगले. काळं, रुंद तोंड बाहेर आलं. इंदूवहिनींनी डोळे मिटून पिशवीतले लाडू एकामागून एक फेकायला सुरुवात केली. पहिला लाडू त्या तोंडावर बसला. त्या तोंडाने जीभ काढली, लाडू उचलला आणि शांतपणे चघळायला लागलं.

म्हैस होती.

तिच्यामागे दुसरी म्हैस. मग तिसरी, मग चौथी. आणि चौथीच्या मागे, हातात काठी, डोक्यावर सरपणाची लहानशी मोळी घेतलेली एक म्हातारी. गुडघ्याच्या वर लुगडं, अंगावर गोंदण, तोंडात एक दात. ती थांबली. मान वर करून आमच्याकडे बघितलं. एका झाडावर तीन बायका, त्यातल्या सगळ्यांत वरच्या बाईच्या हातात उघडी छत्री. ऊन नाही, पाऊस नाही.

"कोन व्हय जी?" तिने विचारलं. "वर काऊन बसून राह्यल्या?"

"पक्षी बघतोय!" मी म्हटलं.

"दिसले का?"

"आजी, वाघ हाये का इथी?" कुसुमने मध्येच विचारलं.

"वाघ?" म्हातारी हसली, तो एक दात चमकला. "माह्या म्हशी चार वर्सं झाले रोज इथी चरते. वाघ असता त राह्यल्या असत्या का?"

"पण तुम्ही आलात कशा?" इंदूवहिनींनी डोळे उघडले. "डोंगा कुठे आहे तुमचा?"

"डोंगा कायले पाह्यजे?" म्हातारीने काठीने बांबूकडे दाखवलं. "पल्याड वाट हाये ना! पावसाळा सरला का तिकडचं पाणी घोट्याएवढं राह्यते. सारं गाव पायानं येते जाते. चितळंबी तिकूनच येते."

पल्याड वाट हाये.

वाट!

वाघ नव्हे, वाट! त्या तराफ्यावरच्या बिचाऱ्याने घसा फाडून आम्हाला रस्ता सांगितला होता, दोन बोटांनी चालूनसुद्धा दाखवलं होतं. आणि सोनबा! परत जायला डोंगा कशाला पाहिजे, असं तो साधेपणाने विचारत होता. त्या बेटाला तीन बाजूंनी खोल पाणी होतं आणि चौथी बाजू मी बघितलीच नव्हती. वीस पावलं, फक्त वीस पावलं बांबूतून गेले असते तर!

कुसुम फांदीवरच पोट धरून हसायला लागली. ती इतकी हसत होती की तिला बोलता येईना. इंदूवहिनी सरसर खाली उतरल्या. कुसुमही उतरली. राहिले मी. मला उतरता येईना! पायांना मुंग्या, म्हणजे आतून आणि बाहेरून दोन्हीकडून. त्यात साडीचा काठ एका खुंटीत अडकला. वर कशी चढले तेच मला आठवेना, तर खाली काय येणार?

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, फांदीकडे पाहिलं, आणि सगळ्यांत मोठी म्हैस माझ्या खाली आणून उभी केली.

"बसा," ती म्हणाली.

"म्हशीवर?"

"मंग काय रातभर पक्षी पाहता?"

मी बसले. म्हणजे आधी लटकले, मग काठ फाटल्याचा टर्रकन आवाज आला, मग बसले. आता लगेच उतरायचं ना? तर ती म्हैस चालायलाच लागली! घरची ओढ लागलेली म्हैस कोणासाठी थांबते?

"उतरू नोका जी!" म्हातारी मागून ओरडली. "हे बिचकते! हिच्यावर नुसतं बसून राहा!"

मग काय, बसून राहिले. बांबूतून गेलो, पल्याड गेलो. पाणी खरंच घोट्याएवढं होतं. कुसुम आणि इंदूवहिनी हातात चपला घेऊन मजेत चालत होत्या, इंदूवहिनींचे अंगठे अखेर भिजले, आणि मी त्या म्हशीवर, एका हाताने शिंग धरून, एका हातात ती मेली छत्री. मिटता येत नव्हती, कारण मिटायला दोन हात लागतात. मला सारखं वाटत होतं, यमराज संध्याकाळी फेरफटका मारायला निघाले की असेच दिसत असतील.

पाण्यापलीकडे म्हातारीची वस्ती, आणि वस्तीला लागून लाकडाचा डेपो. तिथेच तराफे लागायचे. दुपारच्या तराफ्यावरचे ते दोघं तिथे होते. त्यांच्या भोवती आठ-दहा माणसं. आणि मधोमध, अर्थातच, दाजीसाहेब.

सगळे उठून उभे राहिले. मानाने नव्हे हो, नीट दिसावं म्हणून.

"बाई!" दाजीसाहेबांची मिशी हलायला लागली. "हे काय जी?"

आता मान खाली घालायची का? मुळीच नाही! मी पाठ ताठ केली, छत्री सरळ धरली आणि म्हटलं, "नमस्कार दाजीसाहेब! बेट पाहून आलो. जागा उत्तम आहे. धोका काही नाही. आणि आम्हाला आणायला माणूस लागला नाही, हे बघून घ्या!"

"माणूस नाई लागला, बाई," तराफ्यावरचा एकजण म्हणाला, "पण म्हैस लागली ना!"

यावर मी असं काही उत्तर देणार होते की त्याने जन्मभर लक्षात ठेवलं असतं. पण म्हैस थांबली नाही! ती मला घेऊन तशीच पुढे गेली, दाजीसाहेबांच्या समोरून, त्या सगळ्या हसणाऱ्या माणसांच्या मधून, थेट गोठ्यात. माझं उत्तर गोठ्यात झालं. ऐकायला एक रेडकू होतं.

त्या रात्री मी नोकरी सोडायचं पत्र लिहिलं आणि सकाळी फाडून टाकलं. का सोडू? एक अक्षर चुकीचं ऐकलं म्हणून? शाळेत गेले. तोंड वर करून गेले. मुलींनी पदराआड हसून घेतलं, मी पाढे म्हणायला लावले. आणि बुधवारी पुन्हा अर्ज केला. त्यात लिहिलं की बेटावर जायला पायवाट आहे, पाणी घोट्याइतकं आहे, सत्तर वर्षांची म्हातारी रोज एकटी जाते, तेव्हा आता कमिटीने आढेवेढे घेऊ नयेत.

आणि मिळाली परवानगी! दाजीसाहेबांच्या सहीने, शिक्क्यासकट. मला इतका आनंद झाला की मी वर्गात उभी राहून तो कागद मुलींना मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. आधी स्वतः पुरता वाचावा, एवढी साधी अक्कल मला तोवरही आली नव्हती.

"मुलींची सहल बेटावर नेण्यास परवानगी आहे. तेथे भीतीचे कारण नाही. मात्र मुलींनी बाईंवर नीट लक्ष ठेवावे, त्यांना झाडावर चढू देऊ नये, आणि म्हशी दिसल्यास त्यांचा हात धरावा."

आणि ठेवलं हो लक्ष कार्ट्यांनी! चाळीस मुली दिवसभर बेटावर मोकळ्या हुंदडल्या, आणि मला दोघी जणी पाळीपाळीने धरून बसल्या होत्या.